फक्त डावी वळणं

३ एप्रिल, गुरुवार

प्राइसांच्या गोठ्यापाशी गेटचा खांब दिसला नाही. म्हणजे होता — इतकी वर्षं आहे तिथेच. सरळ बघितलं तर नाही, मान जरा तिरकी केली तर आहे. जोडसायकल हेलकावली. मागच्या सीटवरून माझा मर्विन, "काय झालं गं?" मी म्हटलं, "मेंढी आडवी आली." मेंढीबिंढी काही नव्हती. पुढे मैलभर तो शीळ वाजवत होता आणि मी मान तिरकी ठेवून हाकत होते.

जोडसायकलवर पुढच्याने बोलायचं असतं. खड्डा, चढ, खडी, कुत्रं — सगळं. मागच्याने पाय मारायचे आणि विश्वास ठेवायचा. आजपर्यंत रस्त्याबद्दल मी त्याला कधी खोटं सांगितलं नव्हतं.

७ एप्रिल, सोमवार

बसने श्रूझबरीला. डोळ्यांच्या डॉक्टर तरुण आहेत, बोलतात गोड. चौकटींचा कागद समोर धरला. रेघा सरळ दिसतात का? म्हटलं, मधल्या वाकल्यात, आणि मधोमध कोणीतरी ओलं बोट फिरवलंय.

दोन्ही डोळ्यांचा मधला भाग जातोय. कडा राहतील. औषध नाही. "गाडी मात्र चालवायची नाही हं आता." सायकलचं त्यांनी विचारलं नाही. मी कशाला सांगू?

मर्विनला सांगितलं, चष्म्याचा नंबर वाढलाय.

९ एप्रिल

गाडी भाच्याला देऊन टाकली. मर्विनला म्हटलं, दोघांना बस पुरे आहे. तो नुसता "हं" म्हणाला. अख्खं तारुण्य दुधाचा टँकर चालवण्यात गेलेला माणूस — घरातली गाडी जाते आणि नुसता हं!

२० एप्रिल, ईस्टर

चर्चला गेलो नाही. सायकल काढली. देव समजून घेईल, पाद्री घेणार नाही.

निघताना वाद. लाँग एजच्या डोंगरावरून जाऊन नदीच्या पुलावरून परत यायचं माझ्या मनात होतं. हा म्हणतो, नको, गिरणीच्या गल्लीने जाऊ, मग चॅपल, मग खालून वळसा. म्हटलं, अरे, तीन मैल जास्तीचे पडतील. "पडू देत. तुला कुठे ट्रेन पकडायचीय?"

वाट ठरवण्यात मी त्याच्याशी कधी भांडत नाही खरं तर. या डोंगरातली प्रत्येक गल्ली त्याच्या डोक्यात आहे. साखरेच्या आजाराने डोळे गेले तेव्हा बेचाळीस वर्षांचा होता. दोन वर्षं खिडकीपाशी खुर्चीत बसून होता, खिडकीतून काय दिसत होतं देव जाणे. दाढी नाही, बोलणं नाही. शेवटी मी ही सायकल आणली आणि त्याला अक्षरशः ढकलून मागे बसवलं. पहिल्या उतारावर हसला. ते हसू ऐकायला मी काहीही करीन. करतेच आहे.

८ मे, गुरुवार

मागच्या सीटजवळ ड्रमचा ब्रेक आहे. लांब उतारावर वेग आवरायला. पूर्वी मी "ब्रेक" म्हटल्याशिवाय हा हात लावत नसे. आज एजच्या उतारावर न सांगता दोनदा लावला. भडकले मी. "हँडल कुणाच्या हातात आहे?"

"तुझ्या."

"मग?"

"मग काही नाही. म्हातारा झालोय. भीती वाटते."

हा आणि भित्रा! बर्फात टँकर घेऊन एज उतरलेला माणूस. पण जीव भांड्यात पडला, खोटं कशाला बोलू. तो खालचा चौक मला दिसलाच नव्हता.

११ मे

अक्षर मोठं काढते आहे. जाड पेन. तिरकं बघून लिहावं लागतं, चोरून लिहिल्यासारखं. मर्विन वाचू शकत नाही म्हणून वही टेबलावर उघडी पडलेली असते. लाज वाटते मला याची.

२२ मे, गुरुवार

पुन्हा तेच. पुन्हा गिरणीची गल्ली. "त्याच त्याच वाटा तुडवायच्या तर बैलाला घाण्याला जुंपलेलं काय वाईट?" म्हटलं त्याला. तर म्हणतो, "बैल तक्रार करत नाही, एवढाच फरक."

५ जून, गुरुवार

नीट लिहिते.

एव्हिसच्या चहाच्या दुकानात थांबलो. मर्विन आत हात धुवायला गेला. एव्हिसने लोणी लावलेले टीकेक समोर ठेवले आणि म्हणते, "ग्लेनिस, तुम्ही हल्ली मागून का गं येता? समोरचा मोठा रस्ता ओलांडलात की आलंच दुकान. तुम्ही आपले चॅपलला वळसा घालून."

म्हटलं, मर्विनची लहर.

"लहर कसली. परवा फोन करून विचारत होता, दुकानाच्या बाजूने आत शिरायला जागा आहे ना, रस्ता ओलांडावा लागत नाही ना."



घरी आल्यावर नकाशा जमिनीवर पसरला. भिंग घेतलं, बोट फिरवत गेले. गुरुवारची वाट. रविवारची. ईस्टरची. डावीकडे. डावीकडे. पुन्हा डावीकडे. एकही उजवं वळण नाही. गाड्यांच्या आडवं जायची वेळ कुठेच येत नाही. आपलं घरसुद्धा परतताना डाव्या हाताला.

मागच्या वाटा आठवून बघितल्या. मार्चमध्ये, गेटचा खांब नाहीसा व्हायच्या आधी — तेव्हाही डावीच. त्याला माझ्या आधी कळलं होतं. माझ्या पाठीमागे बसून, माझ्या हँडल धरण्यावरून, मी कुठे उशिरा बोलते त्यावरून. मला वाटत होतं मी त्याला सांभाळतेय!

६ जून

का बोलला नाही ते मला ठाऊक आहे. मीही त्याच कारणासाठी बोलले नाही. बोललं की सायकल शेडमध्ये, आणि तो खुर्चीत. या वेळी त्याला ढकलायला कोण येणार?

झाकली मूठ सव्वा लाखाची. पण मुठीत आमची दोघांची मान आहे.

१५ जून, रविवार

बोलायचं ठरवलं होतं. न्याहारीला सुरुवातही केली — "मर्विन, माझे डोळे…"

"चहा गार होतोय," तो म्हणाला.

प्यायले. गारच होता.

२६ जून, गुरुवार

आजचा दिवस देवाने दिला. रात्री पाऊस पडून गेलेला, कुंपणातलं एल्डरचं झुडूप फुललेलं, त्याचा वास सबंध गल्लीत. वेनच्या चढावर सगळ्यांत खालचा गिअर, दोघंही धापा टाकतोय. चढावर आंधळ्याचं काही बिघडत नाही, तिथे फक्त पाय लागतात. मर्विन मध्येच म्हणाला, "तुझ्या पाठीला घाम आला की मला कळतं आता माथा जवळ आला."

माथ्यावर कुंपणाशी उभं राहून अंड्याचे सँडविच खाल्ले. त्याने विचारलं, "काय दिसतंय?" नेहमी विचारतो. मी सांगितलं — दरी, तिच्यात खाली चर्चचा मनोरा, पलीकडे वेल्सचे डोंगर, निळे. मनोरा मला दिसत नव्हता. आठवून सांगितला. तो म्हणाला, "छान सांगतेस." असं त्याने आधी कधी म्हटलं नव्हतं.

मनात आलं, हा एक उन्हाळा. एवढा एकच मिळू दे, मग मीच सांगीन. मग वाटलं, दारुडा असंच म्हणतो.

३ जुलै, गुरुवार

एका व्हॅनने भोंगा दिला. का दिला ते अजून कळलेलं नाही. मर्विनने विचारलं नाही. मी सांगितलं नाही. वळसा घालून परत आलो.

६ जुलै, रविवार

गिरणीच्या उतारावर, वळणापलीकडे, घोड्यावर एक मुलगी. मला घोडा दिसला नाही. अख्खा घोडा! मर्विनला टापा ऐकू आल्या, त्याने ब्रेक आवळला, आम्ही कुंपणाच्या काट्यांत. घोडा बिथरून दोन पायांवर उभा. मुलगी पडता पडता वाचली, आणि रडत ओरडली, "आंधळे आहात का तुम्ही?"

मी तोंड उघडलं. काहीतरी सांगणारच होते — ऊन डोळ्यांवर आलं, रस्ता ओला होता.

मर्विन म्हणाला, "हो, बाळ. दोघंही."

आम्ही सायकल मधे धरून चालत घरी आलो.