डाव्या पिळाची दोरी

लातूर,
पोळ्याचा दुसरा दिवस, दुपार

आदरणीय विठाआक्का,

सरजाचा वाकून नमस्कार. तुम्ही "पुरे गं, ऊठ" म्हणेपर्यंत मी वाकलेलीच आहे असं समजा. गुडघा कसा आहे? तेल कोमट करून लावता की तसंच गार चोपडता? म्हैस दोन्ही वेळा दूध देते का? हे सगळं फोनवर विचारलं असतं, पण फोन उचलला की तुम्ही "बरं हाय, ठेवते" म्हणता आणि खरंच ठेवता. म्हणून कागद घेतला. चष्मा पुसून, सावकाश वाचा.

तुम्ही निरोप धाडला होता की शाळेवर बदलून आलेल्या लुंबिनी बाई आमचं घर राहायला मागतात, देऊ की नको, सरजा परत येणार की लेकाकडंच राहणार, एकदाचं कळव. तर कळवते. घर देऊ नका. मी येणार आहे. आदिनाथ चांगला आहे. सून तनुजा त्याच्याहून चांगली आहे (हे त्याच्यासमोर वाचायचं नाही). माझं भांडण त्या दोघांशी नाही. माझं भांडण भांडी घासायच्या बेसिनखाली बसलेल्या एका यंत्राशी आहे.

ह्या फ्लॅटबरोबर ते फुकट आलेलं आहे. बेसिनच्या भोकाखाली हंड्याएवढं लोखंडी पोट लटकतं. भोकातून खरकटं, साली, देठं टाकायची, बटण दाबायचं, की ते घुर्र करून सगळं दळतं आणि नळीवाटे वाहून नेतं. आक्का, तुमच्याकडं म्हैस आहे, तुम्हाला ह्यातलं काही नवल वाटणार नाही. म्हैसही सगळं खाते, आवाज कमी करते आणि वर दूध देते.

आषाढात आले तेव्हा पहिले काही दिवस मी त्याला काहीच दिलं नाही. जन्मभर सालं गाईपुढं टाकली, शिळी भाकर कुत्र्याला टाकली, ती आता लोखंडाच्या तोंडात कशी घालू? मी पिशवीत साठवून खाली नेऊ लागले. खालचा राखणदार माणिकप्पा निलंग्याकडचा आहे. चौथ्या दिवशी म्हणाला, "अव्वा, गाय कुठं हाय?" मी म्हटलं, "येईल की एखादी." तो म्हणाला, "मी सात वर्षं हितं बसून हाय, अजून आली न्हाई." तरी पिशवी त्यानं घेतली. त्याच्या घरी शेळी आहे हे मला नंतर कळलं. शहाणा माणूस आहे.

पण तनुजा बँकेतून दमून येते आणि माझ्या पिशव्यांना वास सुटतो. ती बोलत नाही, फक्त खिडकी उघडते. तेवढ्यानं मला कळलं. मग एके दिवशी ती घरी नसताना मी काकडीची सालं घातली आणि बटण दाबलं. पाणी सोडलं नाही. आता तुम्हीच सांगा, जात्यात दळताना कोणी पाणी घालतं का? पीठ व्हायच्या ऐवजी चिखल होईल. शिवाय लातुरात नळाचं पाणी मानाच्या पाहुण्यासारखं येतं, चार दिवस वाट बघायला लावून, आणि मी ते मूठभर सालींमागं कशाला घालवू? यंत्र खडखडलं, किंचाळलं, आणि जळकट वास सोडून गप्प झालं. मला वाटलं, मी मारलं त्याला.

संध्याकाळी तनुजानं पहिल्यांदा मला त्याची पुस्तिका दिली. मराठी नव्हती, हिंदी होती. (मी वाचायला कशी शिकले तुम्हाला ठाऊक आहे. आदिनाथ पहिलीत असताना त्याचं पुस्तक चुलीपुढं उघडून बसायची, तेव्हा तुम्ही म्हणायच्या, "आता काय मामलेदारीण होतीस?" झाले नाही, पण हिंदी वाचते.) तीन वेळा वाचली. आधी गार पाण्याची धार सोडायची, मग बटण दाबायचं, मग थोडं थोडं घालायचं. दळून झाल्यावरही धार थोडा वेळ चालू ठेवायची. तेल-तूप घालायचं नाही, ते आत थिजतं. भात ढीगभर घालायचा नाही, तो फुगतो. वास आला तर बर्फ, मीठ आणि लिंबाची साल घालायची. एवढे लाड तर आपण बाळंतिणीचेही केले नाहीत. बंद पडलं तर खालचं लाल बटण दाबायचं. ते दाबलं, आणि ते जिवंत झालं. त्या दिवसापासून भांडी घासलेलं शेवटचं पाणी मी बादलीत धरते आणि धार म्हणून त्याला तेच पाजते. पुस्तिकेत हे नाही. हे माझं.

पुस्तिकेत आणखी एक ओळ होती, धागे असलेली भाजी घालू नका म्हणून. ती मी वाचली, आणि ती मला लागू नाही असं ठरवलं.

आक्का, आता खरं सांगते. मला इथं करमत नव्हतं ते यंत्रामुळं नाही. परवापर्यंत ह्या घरात तुमच्या भावाचं नाव कोणी काढत नव्हतं. मार्गशीर्षात ते गेले, तेव्हापासून आदिनाथच्या डोळ्याला पाणी आलेलं मी बघितलं नव्हतं. मी 'तुझे अण्णा' म्हटलं की तो उठून मोबाइल चार्जिंगला लावायचा. भरलेला असला तरी लावायचा. गावाकडं निदान भिंतीशी बोलता येतं, ती त्यांनी लिंपलेली आहे.

परवा पोळ्याच्या आदल्या दिवशी गंजगोलाईच्या बाजारात अंबाडीच्या जुड्या दिसल्या. हिरव्यागार, लाल देठाच्या. चार जुड्या घेतल्या. पानं खुडून भाजी केली, वरून लसणाची फोडणी, आणि देठं, चांगली हातभर लांब, पाण्याची धार सोडून, नियमानं, थोडी थोडी यंत्रात घातली. ते दोन मिनिटं घुरघुरलं, मग हुंदका दिल्यासारखं करून थांबलं. लाल बटण दाबलं. काही नाही. दुरुस्तीवाला फोनवर म्हणाला, सोमवारी येतो. मी पुस्तिका उघडली. आधी वायर काढली (हात घालण्याआधी वायर काढायची, हे मात्र माझ्या जिवापेक्षा जास्त पाळते). मग खालच्या भोकात त्यांनी दिलेली सहाकोनी किल्ली घालून इकडून तिकडं फिरवली. आतली दळायची तबकडी सुटली. वरून चिमट्यानं ओढू लागले.

आत अंबाडीचा लगदा होता, पण देठांची सालं, ज्यांच्या आपण दोऱ्या वळतो, ती दळली नव्हती. ती तबकडीभोवती फिरून फिरून, एकमेकींत गुंतून, वळली होती. ओढली तशी येतच राहिली. करंगळीएवढी जाड, दोन हात लांब दोरी, आक्का. ओली, हिरवी, वेडीवाकडी, पण दोरी. धुऊन उजेडात धरली, आणि तिचा पीळ डावा होता.

तुम्हाला सांगायला नको. अख्ख्या गावात उलट्या पिळाची दोरी एकच माणूस वळायचा. लहानपणी तुम्ही त्यांचा डावा हात पदराला बांधून ठेवायच्या, तरी तो सुटला नाही. दर पोळ्याला कासरे वळून झाले की तुम्ही म्हणायच्या, "डावऱ्याची दोरी, बैल उलटा चालंल बघ." आणि ते म्हणायचे, "चालू दे आक्का, तुझ्याच घराकडं येईल."

मी तिथंच खाली फरशीवर बसले. तेवढ्यात आदिनाथ आला. त्याला वाटलं मी यंत्रासाठी रडतेय. "आई, काय करायलीस? गेलं तर जाऊ दे की ते मशीन!" मी दोरी त्याच्या हातात दिली. त्यानं ती दोन बोटांत धरून फिरवली. एकदा फिरवली, परत फिरवली. मग बुटासकट माझ्याशेजारी खाली बसला आणि म्हणाला, "अण्णांचा पीळ हाय गं." आणि रडला. लई रडला, आक्का. नऊ महिन्यांचं साठलेलं होतं. तनुजा दारात उभी, एका हातात पर्स, तिला काहीच कळेना. मग तीही बसली. भाजी गार झाली. नंतर तिघांनी ती परत गरम करून खाल्ली, आणि आदिनाथ रात्री झोपेपर्यंत एकटाच बोलत होता, अण्णा असे, अण्णा तसे, अण्णांनी हदगावच्या बाजारात बैल कसा परत केला. ह्यातलं निम्मं मलाही ठाऊक नव्हतं.

काल मातीचे दोन बैल आणून पुजले. दोघांना त्याच दोरीच्या वेसणी आणि कासरा. माणिकप्पा पुरणपोळी खायला वर आला आणि म्हणाला, "अव्वा, शेवटी जनावर आणलंच की!"

बाकी सगळं ठीक. गुडघ्याला जपा. म्हशीच्या पाठीवर माझ्या नावानं हात फिरवा.

तुमची,
सरजा

ता. क. घर लुंबिनी बाईंना द्या. लिहिता लिहिताच मन बदललं. वर काय लिहिलंय ते खोडलं असतं, पण कागद चांगला आहे. बाईंना एवढंच सांगा की परसातली अंबाडी उपटू नका, बियांवर येऊ द्या. मूठभर बी मला पाहिजे, इथं गॅलरीत दोन कुंड्या रिकाम्या आहेत.

दुसरा ता. क. खरं काम हे. माळ्यावर, ज्वारीच्या कणगीमागं, त्यांचा दोरी वळायचा लाकडी ढेरा आहे. लातूरला येणारं कोणी असेल तर त्याच्याकडं द्या. आदिनाथला शिकायचं आहे. तो उजव्या हाताचा आहे, पण म्हणतो डाव्यानंच वळणार. शिकवायला मी आहे. अडतीस वर्षं दुसरं टोक मीच धरून बसत होते.

तिसरा ता. क. अंबाडीची देठं यंत्रात पुन्हा घालणार नाही असं तनुजाला वचन दिलंय. ती सोमवारी बँकेत जाईपर्यंत ते पाळीन.

शेवटचा. पाकिटात त्या दोरीचा वीतभर तुकडा घातला आहे. वाळून थोडा आखडलाय. उजेडात धरून पीळ बघा. उजवा दिसला तर चष्म्याचा नंबर बदलून घ्या.