अंथोनीचे बूट

४ सप्टें. २००६
चर्चचं म्युझियम झालं, हे अंथोनीच्या डोक्यात शिरत नाही. तीस वर्षं इथली घंटा वाजवायचा, आता आमचा अटेंडंट. अजून दारात चपला काढून अनवाणी आत येतो. त्याचं बघून पब्लिकही काढतं. आज दिल्लीचे साहेब आले तर दाराशी हा ढीग. "देशपांडे, मंदिर चालवता काय?" सगळे हसले. मीही. डोकं मात्र फिरलं.

७ सप्टें.
अंथोनीला बोलावलं. युनिफॉर्म म्हणजे बूट, आतसुद्धा. म्हणाला, "एवढं एक नको सार. बाकी काहीही सांगा." बायकोची शवपेटी वेदीसमोर ठेवली होती, पोरीचं लग्न तिथेच लागलं वगैरे. म्हटलं, तिथे आता जुन्या बंदराचं मॉडेल आहे. आणि मागची राहायची खोली तुला कोणी दिलीय? बूट उचलून गेला. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

११ सप्टें.
बूट घालून आला. काळे, चकचकीत. स्टाफसमोर वेदीपर्यंत चालायला लावलं, परत यायला लावलं. मान खाली. ढीग बंद.
वेलचेरीला घरी पोचून बायकोला, सुधाला सांगितलं. "तुम्हाला कोणी देवघरात बूट घालायला लावले तर?" हिला कोणी विचारलं होतं? जेवून झोपलो.

१९ सप्टें.
त्याच्या बुटांचा आवाज अजिबात येत नाही. मागे येऊन उभा राहतो, कळतसुद्धा नाही. चिडचिड होते.

२७ सप्टें.
फरशी पुसणं चालू होतं. अंथोनी ओल्यातून मॉडेलकडे गेला. पुढे कोरड्यावर ठसे. पाच-पाच बोटांचे.
बूट काढायला लावले. तळ नाहीतच! सुरीने कापलेले. वर पॉलिश, खाली उघडा पाय. सोळा दिवस, माझ्या नाकासमोर.
"घाल म्हणालात सार. घातले."
सरकारी वस्तूची नासधूस. मेमो मीच टाइप केला.

२८ सप्टें.
नवे बूट आणवले. उद्या नऊला माझ्यासमोर घालायचे, आणि मी तळ बघणार. नाहीतर खोली रिकामी. कागदावर सही करून ठेवलीय. ऐकून तो नुसता हो म्हणाला.
निघताना हॉलमधून आलो. ठसे कालच वाळले. तरी वेदीसमोरून न येता कडेकडेने आलो. का, माहीत नाही. उद्या नऊ.