शरूचं जीपीएस, माझी किल्ली

५ जाने.
विलासने शरूची सायकल जिन्याच्या गजाला साखळीने बांधली. वर पितळी कुलूप. किल्ली आणून माझ्या हातात. "आई, तू हो म्हणशील तेव्हाच सुटेल." स्वतः बाप, पन्नाशी उलटली, पोरीला तोंडावर नाही म्हणता येत नाही म्हणून म्हातारीला चौकीदार केलं. सूनबाई बोलत नाही, भांडी आपटते.

शरू म्हणाली, "आजी, मी चोवीस वर्षांची आहे." म्हटलं, कुलपाला वय कळत नाही.

डिसेंबरात चोरलकडच्या जंगलात चुकली, त्याचं हे सगळं. मोबाईल बंद पडला. रात्र गेली, पत्ता नाही. वि. पोलीस ठाण्यात जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी दुपारी उगवली, धुळीत लोळलेली, दात काढत. "आजी, भोत मजा आली." मी पोहे वाढले. बोलले काही नाही. बोलले असते तर तिने खाल्ले नसते, आणि भूक तर दिसत होती.

७ जाने.
तिच्या खेळाला बाइकपॅकिंग म्हणतात. सायकलीला पुढे, मागे, मधे पिशव्या बांधायच्या, त्यात तंबू नि चूल, आणि डांबरी सोडून कच्च्याने हिंडायचं. आमचे मामंजी धारहून सायकलवर पोतं बांधून यायचे, त्याला कोणी इंग्रजी नाव दिलं नाही.

आता सव्वीस जानेवारीची सुट्टी जोडून जायचंय. इंदूरहून महू, जाम गेट, खाली निमाडात उतरून महेश्वर, मग मांडू. एकटी. बरोबरच्या मैत्रिणीचं लग्न ठरलं, तिचे पाय घरात.

शरूच म्हणाली की मोबाईलशिवाय चालणारं जीपीएस येतं, मुठीत मावणारं. आकाशातनं कळतं आपण कुठे आहोत. म्हटलं, ते घे, मग किल्ली देते. वाटलं, प्रश्न मिटला. मिटतोय कसला.

९ जाने.
दोन दिवस नुसतं दाखवतेय. हे बघ आजी, ते बघ आजी. तिला काचेचं पाहिजे, बोटाने सरकवायचं. मी कणीक मळत होते, तशाच हाताने तिच्या मोबाईलवर बोट फिरवलं. ढिम्म. म्हटलं, तुझा हात घामाचा, वर हातमोजा, वर धूळ. बटणांचं घे. तर म्हणते बटणांचं जुन्या लोकांचं वाटतं. जुन्या लोकांना रस्ते सापडायचे.

मग चार्जिंग का सेल.
"आजी, सेल कोण वापरतं आता?"
"घड्याळ. रिमोट. मी."
पेन्सिल सेल कुठल्याही खेड्यात किराण्यावर मिळतो. चार्जिंगचं भोक जंगलात कुठल्या झाडाला असतं? तर म्हणे सेलचं वजन होतं. ही वजन कमी करायला दातांच्या ब्रशचा दांडा कापून नेते. खरंच कापलाय, मोरीत ठेवलाय, कोणाचा ते लगेच कळतं तेवढं बरं. आणि पाण्याच्या बाटल्या चार.

डोकं उठलं. चौथीपर्यंत शिकले तेव्हा एवढा अभ्यास नव्हता केला.

१२ जाने.
पोलोग्राउंडला गेलो, तिघं. सामान्य दुकानात हे मशीन ठेवत नाहीत. मोजणीच्या सामानाचं दुकान, तीन पायांचे स्टँड, लांब फिती. दुकानदार म्हणे, "माताजी, खेत नापना है कि खदान?"

म्हटलं, "नातीन नापनी है."

हसला. शरूकडे बघून म्हणाला, "बेन, ये तो जंगल-नाके वाले ले जाते हैं. सैकिल पे कौन लगाता है?" शरू म्हणाली, "मैं." तिचं हे 'मैं' मला आवडलं, पण चेहऱ्यावर दाखवलं नाही. दाखवलं की डोक्यावर बसते.

तीन दाखवली. एक एवढं जाडं की दंडुका म्हणून चालेल. एक काचेचं. एक बटणांचं, सेलवालं, पिवळ्या काठाचं. शरू विचारतेय नकाशा किती मोठा चढतो, उन्हात दिसतो का, हँडलला अडकवायची पकड मिळेल का. आणि दुकानदाराचं एकच, "ये देखो, मैदान का चक्कर लगाओ, बीघा निकल आएगा."

वि.चे कान उभे. तिथेच कळलं, काम बिघडलं.

बटणांचं पिवळं तीन-चार दिवस वापरून बघायला दिलं. "माताजी, आपके भरोसे." बरं.

१३ जाने.
मशीन आणलं नातीसाठी आणि सकाळपासून घेऊन फिरतोय बाप. राऊ गावातल्या आमच्या प्लॉटवर. बाजूच्या शर्माजींची भिंत आपल्यात आलीय असं त्याच्या मनात प्लॉट घेतल्यापासून आहे. तीनदा कुंपणाला फेरा मारला, तीन वेगळे आकडे. एका आकड्यात भिंत आपल्यात, एकात आपण त्यांच्यात. तेवढ्यात शर्माजी आले. "क्या ढूँढ रिये हो, भिया?" वि. म्हणाला, "सिग्नल."

दुकानदाराला फोन लावला तर तो म्हणे, छोट्या प्लॉटला हे चालतच नाही, थोडं इकडे-तिकडे दाखवणारच. मग काल बीघा-बीघा का ओरडत होता मेला.

शरू दिवसभर हात चोळत. सव्वीस जवळ आली.

१४ जाने. संक्रांत
तिळगूळ दिला. गोड बोला म्हटलं. वि. आणि शरू दोघं नुसते "हं."

१५ जाने.
सकाळी किल्ली दिली. म्हटलं राऊपर्यंत जा, कच्च्याने ये, मशीन तपास. हँडलला अडकवलं, हात हलवून गेली.

मी वि.ला म्हटलं, आता दाखव.
"काय?"
"शरू. कुठे पोचली ते."
तो माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे.
"आई, त्यात दिसत नाही. ते तिला सांगतं ती कुठे आहे. आपल्याला नाही."

एवढे दिवस काच का बटण, सेल का चार्जिंग, उन्हात दिसतं का, आणि हे एक कोणी सांगितलं नाही! मी समजले होते की ते आकाशात जातं आणि तिकडनं घरी येतं. त्यासाठीच तर किल्ली अडवून बसले. आता कळतं की आकाशातनं फक्त येतं, जात काही नाही. पोरीला कळणार ती कुठे आहे. ते तिला चोरलमध्येही कळलं असतं तर चुकली नसती, कबूल. पण मी इथे ओट्यावर बसून काय करू?

परत आली ती चिडलेली. खड्ड्यात आपटलं की मशीन बंद. पुन्हा चालू, पुन्हा बंद. मी मागचं झाकण उघडलं. सेल खुळखुळतोय. आमच्या टॉर्चला व्हायचं तसंच. पुठ्ठ्याची घडी कोंबली मागे. अंगणात सायकल पायरीवरनं उतरवून पाहिली, मशीन चालू राहिलं. एवढ्या मोठ्या कंपनीला पुठ्ठा परवडला नाही. सायकल पुन्हा गजाला, किल्ली माझ्याकडे.

१६ जाने.
पुन्हा पोलोग्राउंड, मी आणि शरू. विचारलं, असं नाही का की जे घरी सांगेल. दुकानदार म्हणाला, "आता है माताजी, सैटेलाइट से मैसेज भेजने वाला. पर अपने यहाँ बिना परमिशन अलाउड नहीं. पकड़ लें तो लेने के देने." म्हणजे आहे, पण आपल्याला नाही.

येताना रिक्षात शरूने तोंड उघडलं. "असतं तरी मी घेतलं नसतं."
"का गं?"
"सारखं कोणीतरी बघत बसलेलं. जायचं कशाला मग?"

मला राग आला. रिक्षातनं उतरले. मग बोलले, आणि रिक्षावालाही ऐकत थांबला. म्हटलं, बघत बसायला मला हौस नाही, मला मालिका आहेत. जिवंत आहेस एवढं कळलं की बास. पुढचं तुझं तू.

म्हणे, "रेंज असेल तिथे फोन करीन." घाटाखाली रेंज नाही हे तिनेच सांगितलंय.

१७ जाने.
खरी गोष्ट आज निघाली. भाजी निवडताना सहज बोलून गेली. चोरलला त्या संध्याकाळी तिला एक चहाची टपरी सापडली होती. टपरीवाला स्वतःचा फोन पुढे करत होता. "बेटा, घर लगा लो."

हिला एक नंबर पाठ नव्हता.

आईचा नाही, बापाचा नाही, माझा नाही. सगळे त्या मेलेल्या मोबाईलच्या पोटात. फोन हातात धरून उभी राहिली, आणि परत दिला. मग टपरीमागे तंबू ठोकून झोपली. इकडे वि. ठाण्याच्या बाकड्यावर.

मेथीची जुडी होती हातात, तीच मारली असती. बँकेत कामाला आहे. बँकेत! वि.ला विचारलं, शरूचा नंबर सांग. तोही मोबाईल शोधायला लागला.

१८ जाने.
सकाळ-संध्याकाळ म्हणून घेतेय. माझा नंबर. पाढ्यासारखा. चहा मागितला, नंबर म्हण. आंघोळीला चालली, नंबर म्हण. शेवटचे तीन आकडे चुकवते, हटकून. म्हणते, "आजी, मी काय बालवाडीत आहे?" म्हटलं, बालवाडीतल्या पोरांना येतो.

आमच्या घरात पहिल्यापासून ठरलेलं आहे. पोचलं की एक रिंग, उचलायची नाही, पैसे लागत नाहीत. दोन रिंगा म्हणजे अडचण, फोन लावा. वि. उज्जैनला नोकरीला होता तेव्हा असंच चालायचं. म्हटलं, जिथे थांबशील तिथे कोणाचा तरी फोन माग. तिकडच्या माणसाकडे तिकडच्या कंपनीचं सिम असतं, त्याला रेंज असते. एक रिंग. चहा पी, पुढे जा. तुला कोणी बघत नाही, मला कळतं.

"आणि किल्ली?"
"आधी शेवटचे तीन आकडे."

२० जाने.
पिवळं मशीनच घेतलं. वि.ने घेतलं, वर दुकानदाराला दोन शब्द सुनावून. मला सांगतो, "राऊला कधी-कधी लागेल मलाही." लागेल. माझा पोरगा आहे म्हणून गप्प बसले.

शरू रोज लॅपटॉपवर रेघ काढते, ती मशीनमध्ये भरते. रेघेवरनं चालायचं. मला दाखवलं, परदेशीपुरा कुठे, आपली गल्ली कुठे. म्हटलं, मिलचं गेट कुठे? नाही म्हणे, ते यात नाही. मिल बंद पडून किती वर्षं झाली पण सगळं इंदूर अजून त्या गेटावरनंच वळतं, ते याला माहीत नाही. चालायचं. निमाडात मिल नाही.

२३ जाने.
सगळे आकडे बरोबर. उलटे म्हणून दाखवते म्हणाली. उलटे नकोत.

सेल जास्तीचे दिले. पुठ्ठाही जास्तीचा. सूनबाईने दशम्या केल्या, इतके दिवस भांडी आपटून झाल्यावर. किल्ली दिली. शरूने कुलूपच माझ्या हातात दिलं, "हे ठेव तू." फाजील.

२४ जाने.
गेली. दही दिलं हातावर. वि. दारात उभा, हँडल धरून. सोडेना. म्हटलं, विलास, हात काढ. काढला. "पोचलीस की..." एवढंच आलं तोंडातून. ती "हओ पप्पा" म्हणून वळली सुद्धा.

महूला एक रिंग, तिच्याच फोनवरनं. जाम गेटला एक. अनोळखी नंबर. लावून पाहिला, उचलायचं नाही हा माझाच नियम, पण मी लावू शकते. कोणी बाई. "हाँ, सैकिल वाली? भुट्टा खाके उतर गई नीचे." भुट्टा! बरंय.

२५ जाने.
सकाळी काही नाही. रेंज नसेल. डाळ निवडली.

दुपारी एक रिंग. नवा नंबर. माझा जीव भांड्यात पडला. वि. बाहेर गेला होता.

थोड्या वेळाने आणखी एक. वेगळाच नंबर.

आता हे काय समजायचं? दोन रिंगा म्हणजे अडचण, पण त्या एकाच फोनवरनं, लागोपाठ. दोन फोनांवरनं एकेक म्हणजे दोनदा पोचली, का दोन रिंगा म्हणून अडचण? हे मी ठरवूनच दिलं नाही. आकडे घोकून घेतले, आणि हे राहिलं.

पहिला नंबर लावला. चहावाला. "हाँ माताजी, लड़की आई थी. निकल गई." कुठे निकल गई? "आगे." आगे सगळंच आहे. दुसरा लावला. वाजतो, वाजतो, कोणी उचलत नाही. पुन्हा लावला. तसाच.

मशीनला माहीत असेल. हँडलवर बसून बघत असेल रेघ. पुठ्ठा बसला असेल तर.

वि.ला सांगितलं तर तो गाडी काढेल, चप्पलही घालणार नाही. आणि तिथे पोरगी झाडाखाली दशमी खात बसलेली सापडली तर कुलूप पुन्हा गजाला, आणि यावेळी किल्ली माझ्याकडे नाही येणार. नाही सांगितलं तर...

पुन्हा लावला. वाजतोय.

वि. आत्ता आला. दारातनंच, "आई, आलं का काही शरूचं?"

फोन पदराखाली होता. म्हटलं, "आलं. एक."