सासूच्या दारात साखर

भिवंडी,
जानेवारी १९९१

प्रिय बकुळाताई,

माझं पाकीट बघून तू आधी दाजींना हाक मारशील, 'अहो, भिवंडीत कोण गेलं बघा!' कोणी गेलेलं नाही. तुझं अंबाडी गाव काही लांब नाही, एसटीत बसलो असतो तर पत्राआधी पोचलो असतो. पण समोरासमोर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहितोय.

तर बातमी अशी की, माझ्या मधुमेहाच्या गोळ्या चालेनाशा झाल्यात. अर्धीची एक झाली, एकीच्या दोन, आता चार; बढत्या मिळत गेल्या तसं त्यांनी साहेबांसारखं काम सोडलं. डॉक्टर म्हणाले, आता इन्शुलिन. मी म्हटलं, विचार करून सांगतो. विचार करणं म्हणजे गावभर सल्ले गोळा करणं. कारखान्यात लूम दुरुस्त करणारा आमचा जॉबर म्हणाला, "मास्टर, सुई मत लेना. एक बार लगी तो छूटेगी नहीं." मी म्हटलं, बाबा रे, जेवणही लागल्यापासून सुटलेलं नाही. शेठ तर इतक्या हळव्या आवाजात बोलला की मला वाटलं, हार मागवलाच असेल. आणि कलावतीनं साखरेच्या डब्याला कुलूप लावून रोज सकाळी कारल्याचा रस सुरू केलाय. पेला पुढे करताना तिचा चेहरा बघावा. नवऱ्याला सुधारायची संधी लग्नानंतर आत्ता कुठे हाती लागलीय.

सुईची भीती नाही मला. म्हणजे आहे, पण ती किरकोळ. गोळीचा गुण असा की ती चोरून गिळता येते. इन्शुलिनचं तसं नाही. ते टोचलं की वेळेवर खायलाच हवं, मग समोर शेठ असो की व्यापारी. खिशात साखर ठेवायची, आणि अंग थरथरलं की असू तिथे, असेल त्याच्यासमोर तोंडात टाकायची. साप्ताहिकात जगाची टर उडवून मी चार पैशांचं नाव कमावलंय. माझी टर उडवायला टपलेले या गावात किती असतील, तूच सांग.

म्हणून हल्ली सारखी तुझी सासू आठवते. ठकुबाई गेल्या ती सकाळ. तू रोजच्यासारखी पहाटे इन्शुलिनची सुई टोचून घेतलेली, आणि भाकरीला हात लावण्याआधी म्हातारीनं डोळे मिटले. चूल बंद. थोरले दीर गणेशपुरीहून येईस्तोवर कुणी तोंडात काही घालायचं नाही. तू अंगणात बायकांत बसलेली. घामानं पोलकं भिजलं, हात लटलटायला लागले. बायका एकमेकींना कोपरानं खुणावत होत्या, "बग गो, सासूवर कवरा जीव होता!" मीही तेच समजलो. मग तू उठलीस, भिंत धरत आत गेलीस आणि साखरेचा डबा घेऊन परत बाहेर आलीस. सगळ्यांच्या मधोमध बसून मूठभर साखर तोंडात टाकलीस.

दाजींच्या राहीआत्या कडाडल्या, "सासू अजून दारात हाय, नि हिला ग्वाड लागतंय!" तू चावता चावता म्हणालीस, "आत्या, मी न्हाय खाल्ली तर दोन तिरड्या बांधाव्या लागतील. बांबू एकीचंच आणलंत."

ताई, मी इतकी वर्षं विनोद लिहितोय, असं वाक्य मला अजून साधलेलं नाही. तू ते तोंड भरलेलं असताना बोललीस. नंतर मी विचारलं, आतच का नाही खाल्लीस, कुणाला कळलंही नसतं. तू म्हणालीस, "आत पडले असते, तर ते तरी कुणाला कळलं असतं?" हात थाऱ्यावर आल्यावर तूच ठकुबाईंना शेवटची आंघोळ घातलीस, दर रविवारी विंचरायचीस तसे त्यांचे केस विंचरलेस. पाणी ओतायला राहीआत्याच होत्या.

आता खरं लिहितो. माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याला जखम आहे. दिवाळीपासून भरत नाही. घरातही मोजे घालून वावरतो, त्यामुळे कलावतीला अजून पत्ता नाही. तिला वाटतं, मला थंडी वाजते. डॉक्टर म्हणाले, आणखी विचार करत बसलात तर अंगठा जाईल, मग पाय. काल मी त्यांना हो म्हणून आलो. बाटली आणलीय, शेजाऱ्यांच्या फ्रिजमध्ये ठेवलीय, काचेची सिरिंजही घेतलीय. फक्त ती उकळायला कलावतीसमोर चुलीशी जावं लागेल, तिथे पाय अडलेत. रविवारी ये. मोज्याचं तिला तू सांग, पहिली सुई तू टोच. आणि येताना तुझ्या डब्यातली थोडी साखर बांधून आण. आमची कुलपात आहे, आणि मला ती चारचौघांत खायला शिकायचीय.

तुझाच, सुई बघून डोळे मिटणारा,
सावळाराम