कबरीच्या पायातला दोरा

स्मृति नगर, भिलाई
रविवार, १९ जानेवारी २०२५

ती. आईस,

मितालीचा नमस्कार. तू मामांकडे जाऊन आज बावीस दिवस झाले. फोन तू उचलत नाहीस आणि उचललास तर माझं वाक्य पूर्ण होऊ देत नाहीस. कागद मधेच बोलत नाही, म्हणून हे पत्र.

घरचं ठीक आहे. बाबांची या आठवड्यात दुपारची बी शिफ्ट आहे. गुडघा सकाळीच दुखतो, दुपारी नाही. तुळशीला मी पाणी घालते. तुझं लोणचं बाबा एकटेच संपवत आहेत.

आता कबरी कोंबडीबद्दल. बाबांनी तुला ती आजारी असल्याचं कळवलं, पण नीट कळवलं नाही. झालं ते असं. सोमवारी, सहा तारखेला, ती दाण्याला आली नाही. शेपूट खाली टाकून, अंग उभं धरून कोपऱ्यात उभी होती. दर थोड्या वेळाने जोर करायची, पण काही बाहेर पडत नव्हतं. तुझ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन केलं: एक किलो आठशे चाळीस. अंडं अडकलं असावं असं वाटलं. तीन दिवस रोज वीस मिनिटं तिला कोमट पाण्याच्या टबात बसवलं. पहिल्या दिवशी तिने मला दोनदा चोच मारली. तिसऱ्या दिवशी मारली नाही, तेव्हा मला काळजी वाटली.

शेजारच्या नलूकाकू कुंपणावरून बघत होत्या.

"कावून एवढी मेहनत करून राहिली बाई? काप ना. मस्त रस्सा होईन. मी मसाला वाटून देतो."

"काकू, ती आजारी आहे."

"मंग का झालं? तब्येत इचारून कापतेत का कोंबडीले?"

गुरुवारी अर्धी रजा टाकली आणि तिला खोक्यात घालून दुर्गला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. अंडं आतच फुटलं होतं. त्यांनी कवचाचे तुकडे काढले. मी पाय धरून ठेवले होते. काम त्यांनी चांगलं केलं, पण बोलणं वेगळं.

"मैडम, हम लोग फार्म देखते हैं. वहाँ एक बीमार, तो एक बाहर."

"फार्म नहीं है. आँगन है."

ते हसले. मग त्यांनी सरळ सांगितलं. आतमध्ये संसर्ग आहे, पण अजून ताप नाही. कापायची असेल तर आजच कापा. औषध सुरू केलं की मग ती खायची नाही. औषध दहा दिवस, सकाळ-संध्याकाळ द्यायचं. वाचेलच असं नाही. वाचली तरी अंडं बहुतेक देणार नाही.

"फिर रखकर क्या करोगे?"

मी औषध घेतलं आणि बाहेर आले. तो प्रश्न मी याआधीही ऐकला होता. कुठे, ते पुढे लिहिते.

घरी आल्यावर दिसलं की तिच्या उजव्या पायातला लाल दोरा आत रुतला आहे आणि त्याखाली सूज आहे. तो दोरा तू बांधलेलास, हे मला माहीत होतं. चार कोंबड्यांत ओळखू यावी म्हणून बांधला असेल, असं मी समजत होते. कात्री आणली तर बाबांनी माझा हात धरला.

"त्याले हात नको लावू. तुह्या आईनं नवसाची बोललेली हाय ते."

"कुणाला?"

"मातामाय देवीले. तुहं लगन जमलं का चढवाची हाय."

मग त्यांनी मामांच्या फोनवरून आलेला तुझा निरोप ऐकवला. "आजारी चालत नाही मातामायले. कापून खाऊन घ्या. दुसरी पाहू." आवाज ठणठणीत होता. ऐकून बरं वाटलं, हेही लिहून ठेवते.

कबरी टेबलावर होती, कात्री माझ्या हातात होती आणि औषधाची बाटली पिशवीत. बाबा फोनकडे बघत होते आणि मी कबरीकडे. मी दोरा कापला. मग ड्रॉपरने औषध मोजलं, तिची चोच उघडली आणि पहिला डोस दिला.

बाबा म्हणाले, "हे का केलं तू?"

"आता ती खायचीही नाही आणि चढवायचीही नाही."

ते न जेवता ड्यूटीवर गेले.

आई, इथपर्यंतचं सगळं लिहायला सोपं होतं.

कौस्तुभकडची मंडळी मला बघायला आली त्या दिवशी त्याच्या आईने माझ्या ऑपरेशनबद्दल विचारलं आणि तू म्हणालीस, "अपेंडिक्स." तू आधी मला तसं सांगितलं नव्हतंस. सांगितलं असतंस तर मी त्या खोलीत आलेच नसते. "अपेंडिक्स नाही, दोन्ही ओव्हरी काढल्या आहेत, मला मूल होणार नाही," हे मी बशी हातात असताना म्हणाले. आवाज चढवला नाही. कौस्तुभ "सांगितलंत ते बरं केलंत" म्हणाला आणि ते सगळे गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी तू गेलीस. जाताना म्हणालीस की मी तुझं नाक कापलं.

माझं काम तुला मी कधी नीट समजावून सांगितलं नाही. आमच्या लॅबमध्ये कारखान्यांतले दाब मोजणारे प्रेशर गेज तपासायला येतात. एखादा गेज थोडा चुकीचा आकडा दाखवत असेल तर आम्ही तो लगेच फेकत नाही. किती चुकतो ते प्रमाणपत्रावर लिहितो, आणि तो परत कामाला जातो. धोका असतो तो चूक लपवलेल्या गेजचा, कारण त्याच्यावर भरवसा ठेवून कुणीतरी व्हॉल्व्ह उघडतो. मी माझं प्रमाणपत्र त्या लोकांसमोर ठेवलं, एवढंच. मला त्याचा पश्चात्ताप नाही. पुन्हा कुणी आलं तर पुन्हा ठेवीन.

आणि तो प्रश्न. ऑपरेशन झालं त्या संध्याकाळी तू वॉर्डमध्ये माझ्या खाटेशी उभी राहून बाबांना म्हणालीस, "मंग आता इचा का उपेग?" तुला वाटलं मी गुंगीत आहे. मी जागी होते. डोळे मिटून ठेवले, कारण उघडले असते तर तुला लाज वाटली असती. दीड वर्ष ते मिटूनच ठेवले होते. त्या दिवशी डॉक्टरांनी कबरीबद्दल तेच विचारलं आणि मला कळलं की मी खूप चिडलेली आहे.

आज औषधाचा शेवटचा डोस झाला. मधे वजन एक किलो सहाशे वीसपर्यंत उतरलं होतं. आज एक किलो सहाशे नव्वद आहे. पायाची सूज गेली. काल तिने अंगणात माती उकरली आणि मला चोचही मारली. जगेल का ते महिनाभर सांगता येणार नाही. अंडं देणार नाही. तिचा काय उपयोग, असं नलूकाकूंनीही विचारलं. मी म्हटलं, ती इथे राहते.

अजून एक. पहिल्या डोसच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी खटखट ऐकून उठले, तर बाबा कबरीसाठी कॅल्शियमची गोळी कुटत होते. तुझ्या वेलचीच्या खलबत्त्यात. माझ्याकडे न बघता म्हणाले, "इतकी बारीक चालन का?" त्यानंतर रोज तेच कुटतात. खलबत्ता मी धुऊन ठेवला आहे.

दोरा या पाकिटात आहे. धुतलेला नाही. मातामायला जे सांगायचं असेल ते तू सांग. माझ्या वतीने बोललेलं मी फेडणार नाही, आणि दुसरी कोंबडी या घरात त्यासाठी येणार नाही.

तू मात्र ये. तुझी खोली झाडली आहे. ये तेव्हा एकच कर: कुणी विचारलं तर अपेंडिक्स म्हणू नकोस. खरं सांगता येत नसेल तर गप्प राहा, मी सांगेन.

आहे तशी,
तुझीच
मिताली