कोमट झालेली लस

बुधवार, मे १९८८, कल्याण

आज कोळीवाड्यात पोचेपर्यंत पेटीतला बर्फ पार वितळला. पोलिओची लस कोमट झालेली. सुपरवायझर म्हणाले, "सिस्टर, पाजून टाका, आकडा भरायचाय." मी नाही पाजली. निकामी थेंब देऊन आयांना फसवू? पण त्यांना परत पाठवलं तेही मीच. नवी लस कधी येणार, देव जाणे. औषधांचे एवढे कारखाने आपल्याकडे, आणि ही अजून परदेशातून मागवायची! वर आमच्या दवाखान्याला धड बर्फही मिळत नाही.

नातीला घेऊन थांबलेल्या पारूबाई म्हणाल्या, "अगो, बर्फच पायजे होता? आमच्या मावऱ्याला रोज येतो!"

खरंच. मासळीसाठी बर्फ रोज पोचतो, पोरांच्या लसीसाठी नाही. इतकी लाज वाटली की हसताही आलं नाही. पुढच्या खेपेला त्यांच्याकडूनच घेणार, कुणाला न विचारता.