शुक्रवारी घेतलेला ॲम्प्लिफायर
चेन्नई, शुक्रवार, ९ जुलै २००४

मी विकत घ्यायला गेलो, तेव्हा गिंडीतल्या त्या म्हाताऱ्या बेसवादकाने ट्यूबचा जुना ॲम्प्लिफायर घट्ट धरून ठेवला होता.
"शुक्रवारी घरातली वस्तू बाहेर देत नाही, तंबी. उद्या या."
मी उद्या जाऊ शकलो असतो.  
"अप्पा, आणखी किती शुक्रवार?" म्हणत त्याच्या मुलाने म्हाताऱ्याचा हात हँडलवरून उपटला आणि पिरगळला. बोट मोडल्याचा आवाज आला. डाव्या हाताचं, तारा दाबायचं.
 म्हातारा माझ्याकडे पाहत राहिला. 'उद्या येतो', एवढंच म्हणायचं होतं. मी विचारलं, "ट्यूब ओरिजिनल आहेत ना?"
"आहेत," म्हातारा म्हणाला. "हळू उचला. आत्तापर्यंत वाजवत होतो, गरम आहेत."